उजवं पुढचं चाक

आर्डिथ पेल्कीने सत्तावीस वर्षांत माझ्यावर एकदाही विश्वास ठेवला नाही, आणि या सत्तावीस वर्षांत दुसऱ्या कुठल्याही गॅरेजात पाऊल टाकलं नाही. या दोन गोष्टी एकाच बाईच्या डोक्यात कशा नांदतात, हे मला विचारू नका. मी फक्त गाड्या दुरुस्त करतो.

बाकीची गिऱ्हाइकं गाडी लावतात, किल्ली खिळ्याला अडकवतात आणि समोरच्या दुकानात कॉफी प्यायला जातात. आर्डिथ माझी बादली उपडी घालते, गाडीच्या बाजूला ठाण मांडते आणि माझ्या हातांकडे बघत राहते. तिच्या कोटाच्या खिशात लाल नेलपॉलिशची बाटली असते. नखांना तिने जन्मात रंग लावलेला नाही. ती बाटली माझ्यासाठी आहे. गाडीच्या ज्या ज्या भागापर्यंत तिचा हात पोचतो, त्या प्रत्येकावर तिने एक लाल ठिपका दिलेला आहे, म्हणजे मी चांगला भाग काढून घेऊन भंगार बसवलं तर तिला कळावं. बदललेला जुना भाग ती घरी घेऊन जाते. तिच्या तळघरात कॉफीच्या डब्यांची रांग आहे, प्रत्येक डब्यावर तारीख. मी एकदा तिचा पाण्याचा पंप बघायला तिथे उतरलो होतो. माझी अख्खी कारकीर्द त्या फळीवर मांडलेली बघून मला गहिवरूनही आलं आणि संतापही आला.

ती वरच्या टेकडीवरच्या पेल्कींची. बापाच्या सव्वीस गाई होत्या. गाई विकल्या त्या वर्षी ती टपाल वाटायला लागली, ती आजतागायत वाटतेच आहे. एकसष्ट मैल कच्चा रस्ता, घरांबाहेरच्या दोनशे चौदा टपालपेट्या, आठवड्याचे सहा दिवस. लग्न केलं नाही. एकाने मागणी घातली होती म्हणतात. ‘का विचारतोयस?’ असं तिने त्याला इतक्यांदा विचारलं, की तो शेवटी कंटाळून शेजारच्या न्यू हॅम्पशर राज्यात निघून गेला.

आमच्याकडे खेड्यातल्या टपालवाल्यांनी गाडी आपली आणायची असते. पेट्या रस्त्याच्या उजव्या कडेला आणि स्टिअरिंग डावीकडे, म्हणून आर्डिथ उजव्या सीटवर बसते, डावा पाय मधल्या उंचवट्यावरून पलीकडे टाकून पेडल दाबते, डाव्या हाताने स्टिअरिंग धरते आणि उजव्या हाताने पत्रं टाकते. उन्हाळ्यात आलेले पाहुणे समोरून रिकामी ड्रायव्हर सीट बघून दचकतात. गाडी म्हणजे बावीस वर्षांची स्टेशन वॅगन, पावणेतीन लाख मैल पळालेली, मूळ रंग हिरवा. चारही चाकं ओढणारी आहे म्हणूनच ती अजून नोकरीत आहे. मार्चात बर्फ वितळून रस्त्यांचा रबरबाट झाला, की नुसत्या दोन चाकांच्या जोरावर वरची टेकडी चढायचा विचारही इथे कुणी करत नाही.

त्या वर्षी मार्चातल्या वार्षिक गावसभेला दोन आठवडे उलटले होते. बुधवारी सकाळी मी दार उघडतोय तोच ती गाडी घेऊन हजर.

“काय केलंस तू हिला?”

“या, आर्डिथबाई. काय केलं मी?”

“ऑक्टोबरात ऑइल तू बदललंस. आता ही वळताना लंगडी घालते.”

“पाच महिन्यांपूर्वीचं ऑइल आज लंगडायला लावेल का?”

“तेच तर तुला विचारतेय.”

मी गाडी अंगणात घेतली, स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि हळूहळू गोल फिरवली. खरंच, गाडी उड्या मारत होती. चाकं जमिनीला घासत होती, धक्का बसत होता, आणि ॲक्सिलरेटर सोडला की जागच्या जागी रुतल्यासारखी थांबत होती. लोकांच्या अंगणात वळवताना ती दोनदा अडकली होती, टपालाला दोन्ही दिवस तासभर उशीर झाला होता. आणि आमच्या नव्या पोस्टमास्तरीणबाईंनी सांगून टाकलं होतं: तीन दिवस बदली माणूस धाडते, पण सोमवारपर्यंत गाडी धड झाली पाहिजे. झाली नाही, तर फेरी कायमची त्याच्याकडे जाईल.

हे सांगताना आर्डिथचा आवाज जरासा हलला. मग लगेच म्हणाली, “आणि तिचे कान कुणीतरी भरलेत. ‘पेल्कीबाईची गाडी हा चिखल काढायची नाही’ असं ती म्हणाली मला. तिला काय कळतं गाडीतलं? कुणीतरी बोललंय.”

मी गाडीखाली शिरलो.

आधी पुढच्या आसांचे सांधे बघितले. रबरी टोप्या शाबूत, ग्रीस जागेवर. बेअरिंगं ठीक. ब्रेक कुठे घासत नव्हते. मग मी बोनेट उघडून फ्यूजची एक रिकामी खोबण शोधली. या जुन्या गाड्यांत ती असते, तिच्यात साधा फ्यूज बसवला की मागच्या चाकांकडे जाणारा जोर तुटतो आणि गाडी फक्त पुढच्या दोन चाकांवर चालते. फ्यूज बसवला, पुन्हा अंगणात गोल फिरवली. उड्या बंद. लोण्यासारखी वळली.

“झाली!” आर्डिथ बादलीवरून उठली. “असाच ठेव तो फ्यूज.”

“मग टेकडी कशी चढणार? दोन चाकांवर?”

ती पुन्हा बसली.

मी तिला सांगितलं ते असं. दुखणं मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या भागात आहे. तो गिअरबॉक्सच्या शेपटाला असतो, आत चकत्या असतात. वळताना पुढची आणि मागची चाकं कमीजास्त फिरतात, तेव्हा त्या चकत्यांनी जरा सैल सोडायला हवं. या सोडत नाहीयेत. गिअरबॉक्स उतरवून खोलावा लागेल. माल मागवायचा, बसवायचा, म्हणजे कमीत कमी दहा दिवस.

“दहा दिवस,” ती म्हणाली. “आणि मला सोमवारची मुदत आहे. किती सोयीचं जमून आलंय, नाही?”

“कुणाच्या सोयीचं?”

“ते मी शोधीन. तू कुणाशी बोलला आहेस का, अर्मांड? लेलंडशी?”

लेलंड तिचा धाकटा भाऊ. तिच्याच रस्त्यावर, फेरीच्या शेवटून तिसऱ्या पेटीच्या घरात राहतो, बापाची मेपलची राई सांभाळतो, मार्चात त्या झाडांचा गोड रस आटवून पाक काढतो. दोघं अकरा वर्षं एकमेकांशी बोललेली नाहीत. हद्दीवरचा एक जुना मेपल त्याने तिला न विचारता तोडला. तो म्हणायचा, पोकळ झाला होता, वाऱ्याने हिच्या छपरावर कोसळला असता. ती म्हणायची, लाकूड हवं होतं म्हणून पाडला. मी ते खोड बघितलं होतं. आत हात जाईल एवढी पोकळी होती. पण मला कुणी विचारलं नाही, आणि आमच्या गावात न विचारता बोलायची पद्धत नाही. न विचारता काम करून टाकायची मात्र आहे. म्हणजे शेजाऱ्याची लाकडं फोडून ठेवायची असतील तर तो घरी नसताना फोडायची, आणि नंतर त्याने विषय काढलाच तर हवेविषयी बोलायचं. आभार मानून घेणं हे इथे जवळजवळ निर्लज्जपणाचं मानतात.

“लेलंडशी मी कशाला बोलू?” मी म्हणालो. “खोलायचा की नाही गिअरबॉक्स?”

“थांब. आधी मोजते.”

दहा दिवस गाडी माझ्या ताब्यात राहणार, म्हणून ती सगळे ठिपके तपासणार होती! मी कपाळावर हात मारून घेतला आणि कॉफी ओतायला गेलो. ती विजेरी आणि फडकं घेऊन बॅटरीपासून सुरू झाली. बॅटरी, दिवे, आरसे, वायपर. मग चाकं. चाकांवर चिखलाचे थर. हवा भरायच्या वॉल्व्हशेजारी, टायरच्या कडेवर ठिपका असायचा. मागचं डावं पुसलं, आहे. मागचं उजवं, आहे. पुढचं डावं, आहे.

“अर्मांड!”

तो आवाज मी विसरणार नाही.

पुढच्या उजव्या टायरवर ठिपका नव्हता. तिने ओल्या फडक्याने सगळी कड पुसून काढली होती, टायर काळंभोर चमकत होतं.

“माझं टायर कुठे आहे?”

“हेच तुमचं टायर आहे.”

“हे माझं नाही. माझं काढून तू दुसरं लावलंस. कुणाच्या गाडीला लावलंस माझं?”

आता मात्र माझं डोकं फिरलं. “आर्डिथबाई, चोरी करायचीच तर मी तुमचं झिजलेलं टायर चोरीन का? इथे लोक नवी कोरी टायरं माझ्या भरवशावर टाकून—” आणि बोलता बोलता माझी जीभ अडखळली, कारण माझा हात त्या टायरवर होता. बाकीच्या तिन्हींच्या नक्षीच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या. याच्या कडा बोटाला बोचत होत्या. कंपनी तीच, माप तेच, नक्षी तीच. पण हे टायर नवं होतं.

मी मोजपट्टी आणून चारही टायरांभोवती गुंडाळून बघितली. तीन सारखी. चौथ्याचा घेर एका बोटाच्या रुंदीएवढा जास्त.

एवढ्यानं काय होतं, असं कुणालाही वाटेल. पिकअपला काही होत नाही, ट्रॅक्टरला तर नाहीच नाही. पण या गाडीची चारही चाकं आतून एकमेकांना बांधलेली असतात. मोठं चाक तेवढ्याच रस्त्याला कमी फेरे घेतं. मग सरळ रस्त्यावरसुद्धा गिअरबॉक्सला वाटतं की गाडी वळतेय, कुणीतरी मागे राहतंय, आणि तो बिचारा दिवसभर भांडणं सोडवत बसतो. एकसष्ट मैल, रोज. तापतो, चकत्या चिकटायला लागतात. मी तीन तास सांधे आणि बेअरिंगं धुंडाळत बसलो होतो आणि दुखणं माझ्या नाकासमोर चिखलात उभं होतं. सगळ्यात आधी टायर मोजायची, हे मी स्वतः लोकांना शिकवतो. लाज वाटली.

“म्हणजे गिअरबॉक्स खोलायचा नाही?” आर्डिथने विचारलं.

“कदाचित नाही. पण हे लावलं कुणी?”

“तू,” ती म्हणाली, पण आता तिच्या आवाजात तसा जोर नव्हता. ती खाली वाकून चाकाच्या लोखंडी तबकडीवर उरलेल्या चिखलाकडे बघत होती. उडालेला चिखल ठिपक्यांनी बसतो. इथे, नटांभोवतीच्या खोलगट भागात, तो बोटांनी फासलेला होता आणि तसाच वाळला होता. चार बोटांचे माग स्पष्ट दिसत होते.

मी गाडी जॅकवर घेतली, नट सोडले. बावीस वर्षांच्या गाडीचे नट कसे सुटतात, माझ्या खांद्याला विचारा. हे अलगद सुटले. बोल्टांवर पिवळसर, चिकट काहीतरी लावलेलं होतं. मी वास घेतला. गाईच्या कासेला लावायचं मलम. कुठलाही शहाणा मेकॅनिक चाकाच्या बोल्टांना असलं काही लावत नाही. मी बोट आर्डिथपुढे धरलं.

तिने वास घेतला.

“बाबा लावायचे,” ती म्हणाली. “गंज धरू नये म्हणून. ट्रॅक्टरला, गाडीला, सगळ्याला. आता एकच माणूस लावतो.”

“लेलंड?”

“गावसभेच्या दिवशी. सबंध वर्षात तेवढाच एक दिवस माझी गाडी पाच तास माझ्या नजरेआड उभी असते, आणि अख्खा गाव सभागृहात असतो.”

मला आठवलं. त्या दिवशी लेलंड सभेला आला तेव्हा जेवणं होऊन गोड वाढायला सुरुवात झाली होती, आणि त्याच्या पँटचे गुडघे चिखलाने भरले होते. पण मार्चात कुणाचे नसतात?

“मला रस्त्यावरून उठवायचं होतं त्याला,” आर्डिथ म्हणाली.  “रोज माझ्या वेळेला पडद्याआड उभा असतो. मला दिसतं. घड्याळ बघतो, किती उशीर झाला ते. आणि मग पोस्टात जाऊन सांगतो की म्हातारीची गाडी गेली आता. त्यानेच सांगितलंय.”

“गाडी बिघडवायची असती तर नट सैल सोडले असते, बाई. मलम लावून, घट्ट आवळून, तुम्हाला दिसू नये म्हणून वर चिखल फासला असता का? त्याला जन्मभर पिकअप आणि ट्रॅक्टर ठाऊक. एक टायर बदललं म्हणजे एक टायर बदललं, एवढंच त्याच्या डोक्यात असणार.”

“मग माझं जुनं का काढलं?”

“ते मला कसं कळणार?”

“हेच तर. तुला काही कळत नाही आणि तू त्याची बाजू घेतोस.”

मी गप्प बसलो. गप्प बसायला दुसरंही कारण होतं, आणि ते मी तिला आजपर्यंत सांगितलेलं नाही. ‘पेल्कीबाईची गाडी हा चिखल काढायची नाही’ हे वाक्य लेलंडचं नव्हतं. ते माझं होतं. फेब्रुवारीत दुकानातल्या शेगडीपाशी मी ते चार लोकांना हसवायला म्हणालो होतो, आणि तिथून ते चालत चालत पोस्टात गेलं. तिचा संशय अगदी खरा होता, फक्त माणूस चुकला होता. मी तिच्यासमोर उभा राहून हात पुसत राहिलो.

त्याचं प्रायश्चित्त म्हणा, मी पुढचे दोन दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. गॅरेजमागच्या ढिगातून त्याच मापाचं, बाकीच्या तिन्हींइतकंच झिजलेलं टायर शोधलं. सोळा टायरं मोजली, सतरावं जुळलं. (“कुठल्या अपघातातलं आहे हे?” आर्डिथने विचारलंच.) गिअरबॉक्सचं ऑइल काढलं. ते काळं होतं आणि जळका वास येत होता, पण त्यात धातूची पूड नव्हती. नवं भरलं, चर्चच्या मोकळ्या आवारात गाडी आठच्या आकड्यात फिरवली, पुन्हा ऑइल बदललं, पुन्हा फिरवली. शुक्रवारी दुपारी उड्या थांबल्या. उन्हाळ्यापर्यंत नक्की चालेल, पुढचं सांगत नाही, असं मी म्हणालो.

“मी कसं मानू?” आर्डिथ म्हणाली. “उद्या माझ्याबरोबर फेरीला चल. अडकली तर धक्का तू मारायचास.”

शनिवारी मी मागच्या सीटवर, टपालाच्या खोक्यांमध्ये गुडघे पोटाशी घेऊन बसलो. गाडी टेकडी चढली. चिखलात मागचा भाग थोडा सरकायचा, मग चारही चाकं जमीन धरायची. आर्डिथ प्रत्येक अंगणात मुद्दाम तंग वळण घेत होती, आणि कान देऊन ऐकत होती. एकदाही धक्का बसला नाही. फेरी वाचली, हे आम्हा दोघांनाही कळलं होतं. पण लेलंडचं घर जवळ आलं तसा तिच्या मानेचा मागचा भाग ताठ होत गेला.

लेलंड पडद्याआड नव्हता. तो पेटीजवळ रस्त्यावर उभा होता, बोडक्या डोक्याने. तीन दिवस त्याच्याकडे दुसऱ्याच गाडीने टपाल आलं होतं.

आर्डिथने गाडी थांबवली. काच खाली होतीच. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हती. तो चाकाकडे बघत होता, आणि ती समोरच्या काचेतून रस्त्याकडे.

“एकच का बदललंस?” ती म्हणाली. अकरा वर्षांनंतर.

लेलंड म्हणाला, “फाटलेलं एकच होतं.”

“फाटलेलं?”

“कडेला. आतली दोरी दिसत होती. टेकडी उतरताना फुटलं असतं.”

“ही गाडी चारही चाकांनी ओढते. एक नवं लावलं की आतून मरते. माझी फेरी गेली असती, लेलंड. सोमवारी.”

तो पांढराफटक पडला.  “मला नव्हतं ठाऊक,” तो म्हणाला. “देवाशपथ, आर्डी, मला नव्हतं ठाऊक.”

“विचारायचं होतंस.”

“तू बोलली असतीस?”

 इंजिन चालू होतं. मी खोक्यांमध्ये जमेल तितकं अंग चोरलं.

“आणि रोज पडद्याआड उभा राहून घड्याळ बघतोस ते?” तिने विचारलं. आवाज अजून कडकच होता.

“घड्याळ कसलं? चाक बघत होतो. जानेवारीत बोटभर फाटलं होतं. मग वाढत गेलं.” त्याने बाहीने नाक पुसलं. “तू थांबतेस तेव्हा तेच बरोबर माझ्या खिडकीसमोर येतं.”

आर्डिथने मांडीवरचं टपाल उचललं. बियाणांची एक यादी आणि एक बिल. पेटीत न टाकता तिने ते हात लांबवून त्याच्या हातात दिलं. मी दुसऱ्या बाजूच्या कुंपणाकडे बघायला लागलो.

“मागची दोन बघ,” ती त्याला म्हणाली. “मला इथून दिसत नाहीत.”

लेलंड गाडीला वळसा घालून गेला. चिखलात गुडघे टेकून त्याने दोन्ही टायरं हाताने चाचपली, आतल्या बाजूनेसुद्धा, आणि बराच वेळ लावला. मग उठून खिडकीशी आला.

“ठीक आहेत,” तो म्हणाला.

आर्डिथने मान हलवली, आणि स्वतः खाली उतरून न बघताच गाडी पुढे घेतली.